अस्थी जपणाऱ्यांची यात्रा

माणूस गेला की तिसऱ्या दिवशी राख सावडायची, अस्थी मडक्यात भरायच्या आणि वैनगंगेवर न्यायच्या. भंडारा जिल्ह्यात वाढलेल्या कुणाला हे शिकवावं लागत नाही. पवनीला तर विदर्भाची काशीच म्हणतात. घाटाच्या पायऱ्या उतरून मडकं पाण्यात रिकामं केलं की देहाचा हिशेब मिटला, असं आपण मानतो.

आमच्या शेजारी एक कॅथलिक कुटुंब राहतं. दर वर्षी २ नोव्हेंबरला त्या घरची आजी पिशवीत मेणबत्त्या, झेंडूची फुलं आणि एक आखूड झाडू घेऊन दफनभूमीत जाते. नवऱ्याच्या कबरीवरचं पावसाळ्यात माजलेलं गवत ती स्वतःच्या हातानं उपटते, दगड पुसते, मग मेणबत्ती लावते. माझ्या आईनं एकदा तिला विचारलं, “तुमच्यात अस्थी नाही सोडत का जी?” आजी म्हणाली, “नाही बाई. त्यायचं काम अजून बाकी आहे न.”

मेलेल्या माणसाचं कोणतं काम बाकी असतं? आणि याच समजुतीची माणसं चारशे-पाचशे वर्षांपूर्वी वारलेल्या एका धर्मगुरूचं शव पाहायला लाखोंच्या संख्येनं गोव्याला का जातात, सिंधुदुर्ग आणि बेळगावकडून कित्येक जण तर पायी का येतात? आजीच्या त्या एका वाक्यात या प्रश्नांचं उत्तर आहे. ते नीट उलगडायचं तर सुरुवात मातीपासून करावी लागेल.

पऱ्हे आणि बियाणं

मृत्यूनंतर काय, या प्रश्नाला आपल्या मुलखात तीन उत्तरं कानावर असतात. आत्मा जुना देह टाकून नवा घेतो, हे एक. जन्ममरणाचा फेराच सुटतो, हे दुसरं. पुढे काहीच नाही, हे तिसरं. कॅथलिक श्रद्धेचं उत्तर या तिन्हींपेक्षा वेगळं आहे. तिथे जन्म एकदाच. मरणानंतर आत्मा देवासमोर उभा राहतो आणि त्याचा निवाडा होतो. गोष्ट मात्र तिथे संपत नाही. जगाच्या अखेरीस देहसुद्धा उठेल, त्याच माणसाचा, त्याच आत्म्याशी जोडलेला, पण पुन्हा न मरणारा. याला पुनरुत्थान म्हणतात.

इथे वाचक अडखळतो. कुजून गेलेला देह उठणार म्हणजे काय? पहिल्या शतकात करिंथच्या लोकांनी नेमकी हीच शंका काढली होती आणि संत पौलानं त्यांना शेतातला दाखला दिला: पेरतो ते बी, उगवतं ते रोप. भंडाऱ्याच्या माणसाला हा दाखला करिंथकरांपेक्षाही लवकर कळावा. जूनमध्ये पऱ्हे टाकतात तेव्हा चिखलात पडलेला दाणा आणि पुढे बांधीत डोलणारा धान यांच्यात दिसायला काही साम्य नसतं. दाणा शोधायला गेलात तर हाती फक्त पोकळ टरफल लागतं. तरीही धान त्याच दाण्याचा असतो, दुसऱ्या कुठल्या बियाण्याचा नाही. जात तीच, जीव तोच, रूप नवं.

शुभवर्तमानांत येशूच्या पुनरुत्थानाची जी वर्णनं आहेत, त्यांतही हे ‘तोच, पण वेगळा’ सारखं दिसतं. शिष्य त्याला चटकन ओळखत नाहीत. दारं बंद असताना तो आत येतो. आणि तोच त्यांच्यासमोर मासा खातो, थोमा या शिष्याला हातावरचे खिळ्यांचे व्रण दाखवतो. हे व्रण मला फार महत्त्वाचे वाटतात. नव्या देहावरून जुनं दुखणं पुसलं गेलेलं नाही. ते तिथेच आहे, फक्त आता ते मारत नाही.

यावरून देहाला कॅथलिकांच्या लेखी काय किंमत आहे ते कळतं. देह म्हणजे फेकून द्यायचं जुनं वस्त्र नव्हे, तो माणसाचाच अर्धा भाग आहे. म्हणून कबर म्हणजे बियाणं ठेवलेली जमीन. इंग्रजीतून आपल्याकडे आलेला ‘सिमेट्री’ हा शब्द मुळात ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ होतो झोपण्याची जागा. पहिल्या ख्रिस्ती लोकांनी तो दफनभूमीसाठी रुळवला. जो झोपला आहे त्याचं उठणं बाकी असतं.

मग दहन झालेल्यांचं काय? पाण्यात बुडालेल्यांचं काय? चर्चचं म्हणणं असं की देवाला देह उठवायचा असेल तर आग किंवा पाणी त्याच्या आड येत नाही. १९६३ पासून कॅथलिकांना दहनाची परवानगी आहे. पण २०१६ मध्ये रोमनं बजावलं की राख नदीत, वाऱ्यावर किंवा समुद्रात विखरू नये, घरीही ठेवून घेऊ नये, पवित्र जागी जपावी. ज्याची वाट पाहायची आहे त्याला ठिकाण असावं, एवढाच त्यामागचा विचार.

शवपेटीत चुना का ओतला?

आता गोव्याकडे वळू. फ्रान्सिस झेवियर हा स्पेनकडच्या नवार प्रांतातला, जेझुइट या धर्मसंघाचा धर्मगुरू ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरला. पुढची दहा वर्षं तो दक्षिण भारताचा किनारा, मलाक्का, मोलुक्का बेटं आणि जपान असा फिरत राहिला. चीनमध्ये शिरायच्या खटपटीत असताना किनाऱ्याजवळच्या सांचियान बेटावर ३ डिसेंबर १५५२ रोजी तो वारला.

पुढे जे घडलं ते आपल्या ओळखीचं आहे. सोबत्यांनी शवपेटीत भरपूर चुना घातला. मांस लवकर झडावं आणि उरलेल्या अस्थी जहाजातून भारतात नेता याव्यात, हा हेतू. म्हणजे त्यांनाही अस्थीच न्यायच्या होत्या! फेब्रुवारी १५५३ मध्ये पेटी उघडली तेव्हा शव जवळपास जसंच्या तसं होतं. ते मलाक्काला नेऊन पुन्हा पुरलं, काही महिन्यांनी पुन्हा काढलं, आणि मार्च १५५४ मध्ये ते गोव्याला पोहोचलं. साऱ्या शहरानं रस्त्यावर येऊन त्याचं स्वागत केलं.

श्रद्धावंत याला चमत्कार म्हणतात. चुन्यानं शव झपाट्यानं नाहीसं होतं हा समज जगभर आहे, पण अलीकडच्या काळात डुकरांच्या शवांवर झालेल्या प्रयोगांत उलट दिसलं: चुना आजूबाजूचा ओलावा शोषतो, कुजवणाऱ्या जिवाणूंना रोखतो आणि कुजण्याचा वेग कमी करतो. हे माहीत झाल्यानं श्रद्धेला तडा जातो असं मला वाटत नाही, कारण खुद्द चर्चनंही संतपद त्या शवाच्या टिकण्यावर उभं केलेलं नाही. १२ मार्च १६२२ रोजी झेवियरला संत घोषित केलं ते त्याच्या जगण्यासाठी. आजचं शवही अखंड नाही. ते सुकून लहान झालेलं आहे, आणि उजव्या हाताचा कोपराखालचा भाग १६१४ पासून रोममधल्या जेझुइटांच्या चर्चमध्ये आहे.

या संताच्या नावाभोवती वादही आहेत आणि ते झाकू नयेत. गोव्यात धर्मन्यायालय हवं, अशी मागणी त्यानं १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्रातून केली होती. ते १५६० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, सुरू झालं आणि त्यानं अनेकांची घरंदारं उद्ध्वस्त केली. तरी आजचे कित्येक गोवेकर, त्यांत इतर धर्मांचेही, त्याला ‘गोंयचो सायब’ म्हणतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकेत उंच संगमरवरी चौथऱ्यावर हे शव ठेवलेलं आहे. चौथरा फ्लॉरेन्सचा, टस्कनीच्या ग्रँड ड्यूकनं पाठवलेला, १६९८ मध्ये उभारलेला. वरची चांदीची पेटी मात्र गोव्याच्या सोनारांनी १६३६-३७ मध्ये घडवली. चौथऱ्याच्या गुळगुळीत युरोपीय मूर्ती पाहून नजर वर गेली की पेटीवरच्या बारीक, दाटीवाटीच्या नक्षीत आपल्याकडच्या देव्हाऱ्याचा हात ओळखू येतो.

दर दहा वर्षांनी शव खाली उतरवून जवळच्या से कॅथेड्रलमध्ये दर्शनाला ठेवतात. पहिलं जाहीर दर्शन १७८२ मध्ये झालं, तेही एका अफवेमुळे. पोर्तुगालनं जेझुइटांना हाकलून दिलं होतं आणि त्यांनी जाताना शव पळवलं अशी कुजबुज पसरली होती. ती थांबवायला पेटी उघडून दाखवावी लागली. अलीकडचं दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असं दीड महिना चाललं.

देहाशी एवढी सलगी कशाला?

मृताच्या देहाला एवढा मान देणं आपल्याला परकं वाटतं खरं, पण पवनीतच जरा मागे जाऊन पाहा. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तिथे उत्खनन केलं तेव्हा जगन्नाथ टेकडीखाली दोन हजार वर्षांहून जुना, प्रचंड बौद्ध स्तूप निघाला. बुद्धाच्या अस्थींचे आठ वाटे झाले आणि त्यांवर स्तूप उभे राहिले ही बौद्ध परंपरा. स्तूप या वास्तूचा उगमच अस्थी जपण्यात आहे. म्हणजे ज्या वैनगंगेत आपण अस्थी सोडतो, तिच्याच काठावर दोन हजार वर्षांपूर्वी अस्थींच्या आठवणीभोवती प्रदक्षिणा घालणारे लोक होते. आळंदीला जाणारा वारकरीही ज्ञानदेवांच्या समाधीवरच डोकं टेकवतो.

फरक आहे तो पुढच्या पायरीवर. समाधी म्हणजे पूर्ण झालेला प्रवास. तिथे काही राहिलेलं नसतं, म्हणून तर आपण ‘देह ठेवला’ असं म्हणतो. कॅथलिक संताची कबर अजून वाट पाहते. आत्मा देवापाशी पोहोचलेला, देह मातीत थांबलेला, आणि एक दिवस दोघांची भेट व्हायची आहे.

ही पद्धत रोमच्या छळाच्या काळात रुजली. हुतात्म्यांना गावाबाहेर पुरत, त्यांच्या स्मृतिदिनी लोक कबरीपाशी जमून मिस्सा करत. पुढे छळ थांबला आणि त्याच कबरींवर चर्च उभी राहिली. रोमचं संत पीटरचं चर्च असंच एका कबरीवर उभं आहे. इ. स. ७८७ च्या निसेयाच्या धर्मसभेनं तर नवं चर्च पवित्र करताना त्यात हुतात्म्याचे अवशेष ठेवावेत असा नियमच घातला.

देहाची ही ओढ पाहायची असेल तर सप्टेंबरात वांद्र्याला मोतमाउलीच्या जत्रेला जावं. ८ सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिवस, त्यानंतरच्या रविवारी जत्रा सुरू होते. चढावर दुतर्फा मेणाच्या वस्तूंची दुकानं लागतात. मेणाचा हात, मेणाचा पाय, मेणाचं बाळ, मेणाचं घर. ज्याचा गुडघा दुखतो तो मेणाचा पाय घेतो आणि माउलीच्या पुढ्यात ठेवतो. घेणाऱ्यांत हिंदू असतात, मुसलमान असतात, पारशी असतात. मी तो मेणाचा हात हातात घेऊन पाहिला आहे: पिवळसर, हलका, बोटं एकमेकांना चिकटलेली, आणि उन्हानं थोडा मऊ पडलेला. “माझं हे दुखतंय” असं देवाला बोट लावून दाखवावं, इतकी ती साधी गोष्ट आहे. जो देव देह परत देणार आहे, त्याच्याकडे देहाची तक्रार नेण्यात संकोच कसला?

[चौकट] चर्चच्या अंगणातले शब्द

मिस्सा: भाकर आणि द्राक्षारसाची उपासना, कॅथलिक प्रार्थनेचा गाभा.
नोव्हेना: सणाआधी सलग नऊ दिवस केलेली प्रार्थना. झेवियरची नोव्हेना २४ नोव्हेंबरला सुरू होते, सण ३ डिसेंबरला.
अवशेष: संताचा देह, अस्थी, वापरातली वस्तू किंवा त्यांना स्पर्श झालेलं कापड. त्यांची पूजा करत नाहीत, मान देतात.
शुद्धिस्थान: देवाशी समेट झालेल्या, पण पुरत्या निर्मळ न झालेल्या आत्म्यांची अवस्था.
प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पुनरुत्थान मानतात, मात्र शुद्धिस्थान आणि अवशेषांचा मान मानत नाहीत.

कवेलू फुटल्यावर

आजीच्या ‘बाकी’ या शब्दाला आणखी एक पदर आहे. शुद्धिस्थान ही कल्पना बाहेरच्यांना सगळ्यांत अवघड वाटते, तेव्हा तिच्यापाशी थोडं थांबू.

समजा, तुमच्या पोरानं चेंडू मारला आणि शेजाऱ्याच्या छपराची चार कवेलू फुटली. पोरगं रडत जाऊन माफी मागतं. शेजारी पाठीवर हात फिरवून म्हणतो, “जाऊ दे रे बाबू.” माफी झाली, नातं जुळलं. पण कवेलू अजून फुटलेलीच आहेत, आणि पाऊस आला की शेजाऱ्याच्या घरात गळणारच. ती बदलून द्यायची राहिली. शिवाय खोडकरपणाची सवय सुटायची आहे ती वेगळीच.

कॅथलिक शिकवणीत पापाचे असेच दोन भाग आहेत. पापनिवेदनात देवाची क्षमा मिळते. पण पापानं जे मोडलं, आत आणि बाहेर, ते नीट करायचं उरतं. हे काम या जन्मात प्रार्थना, दान, उपास आणि यात्रा यांनी होतं. जे उरतं ते मरणानंतर शुद्धिस्थानात पूर्ण होतं. तिथे पोहोचलेल्याला स्वर्ग नक्की आहे. वाट फक्त धुऊन निघण्याची आहे.

आणि इथेच जिवंत माणसाला काही करता येतं. चर्च म्हणजे एकच मोठी दिंडी, असं मानतात: काही जण मुक्कामाला पोहोचले, ते संत. काही शेवटच्या चढणीवर आहेत, ते शुद्धिस्थानातले. आपण अजून मागे चाललो आहोत. पुढचे मागच्यांसाठी प्रार्थना करतात, मागचे चढणीवरच्यांसाठी. मृत्यूनं दिंडी तुटत नाही. नवऱ्याच्या कबरीवर मेणबत्ती लावणारी आजी आठवणीत रमायला तिथे गेलेली नसते, ती त्याला चढणीवर हात द्यायला गेलेली असते.

यात्रेशी जोडलेली दंडमाफी याच विचारातून आली. ठरावीक यात्रा करणाऱ्याला, त्यानं पापनिवेदन केलं, मिस्सातली पवित्र भाकर घेतली, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना केली आणि पापाची ओढ मनातून सोडली, तर उरलेल्या कामातून सूट मिळते. ही सूट तो स्वतःसाठी घेऊ शकतो किंवा आपल्या मृतांच्या नावे करू शकतो. दुसऱ्या जिवंत माणसाच्या नावे मात्र नाही, कारण जिवंताला स्वतःचे पाय आहेत. दर वर्षी १ ते ८ नोव्हेंबर या काळात दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली तरी ती त्यांच्यासाठी मिळवता येते. त्यासाठी रोमला जावं लागत नाही.

एकेकाळी याचा बाजार मांडला गेला. पैसे टाका आणि सूट घ्या, असा व्यवहार युरोपात चालला आणि १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर त्याविरुद्ध उभा राहिला. त्याचा संताप रास्त होता. १५६७ मध्ये पोप पाचव्या पायसनं पैशांशी जोडलेल्या अशा सगळ्या सवलती रद्द केल्या. १९६७ मध्ये सहाव्या पॉलनं आंशिक दंडमाफीतली ‘इतके दिवस, इतकी वर्षं’ ही मोजणीही काढून टाकली.

दोन अर्थांचा नांगर

आशा म्हणजे काय, हा शेवटचा धागा. रोजच्या बोलण्यात आपण म्हणतो, “आशा आहे, पाऊस येईल.” म्हणजे येईलही, नाहीही येणार. कॅथलिक बोलीत हा शब्द जास्त वजनाचा आहे. श्रद्धा, आशा आणि प्रीती या तीन मूलभूत सद्गुणांपैकी ती एक आहे. तिला दोन बाजूंनी धोका असतो. एका बाजूला निराशा: आपलं काही होणार नाही. दुसऱ्या बाजूला फाजील खात्री: आपल्याला मिळणारच, मग कसंही वागा. आशावान माणूस या दोहोंच्या मधून चालतो, आणि चालणं सोडत नाही. म्हणून तर आशेला यात्रेचं रूप इतकं शोभतं.

रोमच्या भुयारी दफनभूमींत पहिल्या ख्रिस्ती लोकांनी कबरींवर आशेची खूण म्हणून जहाजाचा नांगर कोरला. वादळात जहाजाला धरून ठेवतो तो नांगर, आणि तो रुतलेला असतो न दिसणाऱ्या तळात. मराठीला मात्र हे एक दान मिळालं आहे की आपल्याकडे जहाजाचाही नांगर आणि शेताचाही नांगर. एक धरून ठेवतो, दुसरा जमीन उघडतो. कबरीवरच्या त्या खुणेला दोन्ही अर्थ लागू पडतात.

फादर स्टीफन्सनं १६१६ मध्ये मराठी ओव्यांत ‘ख्रिस्तपुराण’ छापलं तेव्हा त्यालाही शब्दांचा असाच शोध घ्यावा लागला होता. स्वर्गासाठी त्यानं वैकुंठ हा शब्द घेतला. इंग्लंडातून आलेल्या या माणसाला कळलं होतं की परलोकाची गोष्ट लोकांना त्यांच्या घरातल्याच शब्दात सांगावी लागते.

रोममध्ये १३०० पासून ठरावीक वर्षांनी ज्युबिली, म्हणजे महायात्रेचं वर्ष, पाळतात. आता ते दर पंचवीस वर्षांनी येतं. २०२५ च्या ज्युबिलीचं ब्रीद होतं ‘आशेचे यात्रेकरू’. तिच्या बोधचिन्हात चार माणसं एकामागोमाग एकमेकांना धरून उभी आहेत, पुढचा क्रूसाला बिलगला आहे, आणि त्या क्रूसाचं खालचं टोक नांगर होऊन लाटांत उतरलं आहे. २४ डिसेंबर २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी संत पीटरच्या चर्चचं पवित्र द्वार उघडलं, आणि २९ डिसेंबरला जगभरच्या धर्मप्रांतांत आपापल्या कॅथेड्रलमध्ये वर्षाचा प्रारंभ झाला. भंडारा जिल्हा नागपूरच्या धर्मप्रांतात येतो. तो १८८७ मध्ये स्थापन झाला, १९५३ मध्ये महाधर्मप्रांत झाला, आणि त्याचं कॅथेड्रल नागपुरात संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाचं आहे. ज्याला रोम परवडत नाही त्यानं आपल्या धर्मप्रांतात बिशपांनी नेमून दिलेल्या चर्चपर्यंत जावं, यात्रा तेवढीच खरी मानली जाते.

ते वर्ष पुरं होण्याआधीच पोप फ्रान्सिस गेले. २० एप्रिल २०२५ ला, पुनरुत्थानाच्या सणाच्या दिवशी, त्यांनी सज्जातून लोकांना आशीर्वाद दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्राण सोडला. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना रोममधल्या सांता मारिया माज्जोरे चर्चमध्ये पुरलं. कबर जमिनीतच आहे आणि दगडावर एकच शब्द कोरला आहे: फ्रान्सिस्कुस.

जुन्या गोव्यातलं पुढचं दर्शन दहा वर्षांच्या रिवाजानुसार २०३४ मध्ये येईल. पण त्यासाठी थांबायची गरज नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी गावातल्या ख्रिस्ती दफनभूमीवरून जात असाल आणि आत मेणबत्त्या लागलेल्या दिसल्या, तर फाटकाशी क्षणभर थांबा. गवत उपटणारी एखादी आजी दिसली तर विचारा. ती सांगेल.